खाऊन संपणारा दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांच्या दाराबाहेर कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे वात करून ठेवलेला असतो. तो यमाचा. कणीक कच्ची, तेल हाताशी असेल ते, आणि सकाळी तो मुंग्यांच्या नाहीतर गाईच्या वाट्याला जातो. माणूस त्याला तोंड लावत नाही. त्याआधी तीनेक महिने, आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला, अशाच घरांत त्याच कणकेचे, जवळजवळ त्याच आकाराचे दिवे झालेले असतात. पण त्या कणकेत गुळाचे पाणी असते, दिवे वाफवलेले असतात, आत तेलाऐवजी तूप असते, आणि ओवाळून झाले की वात काढून ते ताटात येतात, वरून आणखी तूप घेऊन खाल्ले जातात. पीठ तेच, आकार तोच, वातही त्याच कापसाची. एक दिवा खायचा आहे आणि दुसरा नाही, एवढ्या एका निर्णयाने कणीक कशाने भिजवायची, शिजवायची की नाही, इंधन कोणते घालायचे, सगळे बदलून गेले. खाण्याच्या पदार्थांपासून दिवे आणि दिव्यांची झाकणे कशी घडवावीत, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याचे सूत्र या दोन दिव्यांच्या फरकात आहे. दिव्याची आखणी घासापासून सुरू करावी आणि मग उजेडाकडे यावे. उलट दिशेने निघणारा बहुधा सुंदर वस्तू करतो, पण ती खाण्याजोगी राहत नाही.

हे उलट दिशेचे काम जगात सध्या जोरात आहे. जपानमध्ये कोबे इथल्या युकिको मोरिता बेकरीतला उरलेला पाव घेतात, त्याच्या आतला मऊ भाग कोरून काढतात, आत एलईडी बसवतात आणि पावाच्या सालीतून पिवळट उजेड पाझरतो. पॅम्पशेड या नावाने हे दिवे विकले जातात आणि दिसतात फार देखणे. पण पाव टिकावा म्हणून त्याला रेझिनचा लेप दिलेला असतो, म्हणजे तो पाव आता पावाचा पुतळा झाला. मिलानच्या क्रिल डिझाइनने संत्र्याच्या साली दळून, त्यात वनस्पतिजन्य बाइंडर मिसळून ओमी नावाचा टेबलदिवा छापला; तो मातीत मिसळून जातो, पोटात जात नाही. लंडनमध्ये सेबॅस्टियन कॉक्स आणि निनेला इव्हानोव्हा यांनी २०१७ मध्ये अळिंबीच्या तंतुजालाचे दिवे मांडले. या कामांची किंमत कमी करण्याचा हेतू नाही. वाया जाणाऱ्या मालाला काम मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र ही सगळी खाद्यापासून केलेली कामे आहेत, खाद्य म्हणून उरलेली नव्हेत. वस्तू दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने टिकली पाहिजे ही अट एकदा मान्य केली की रेझिन आलेच, आणि रेझिन आले की पाव काय आणि पुठ्ठा काय. अवसेच्या दिव्यावर ही अट कधीच नव्हती. त्याला एक संध्याकाळ पुरते.

त्या दिव्याकडे जरा जवळून पाहू. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतात, त्यात चिमूटभर मीठ, थोडे तुपाचे मोहन, आणि कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळतात. लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठा मधोमध दाबतात आणि गोळा फिरवत कड उभी करतात. कड चिमटून वातीसाठी चोच काढतात. मग गंजात पाणी उकळायला ठेवून वर तूप लावलेल्या चाळणीत दिवे मांडतात आणि झाकून वाफवतात. या वाफवण्यातच सगळे शास्त्र आहे. कच्च्या कणकेत तूप हळूहळू मुरते, आणि खळगा रिकामा व्हायला लागतो. वाफेने पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, त्याचा एकसंध गर होतो, पृष्ठभाग चकचकीत आणि बंद होतो, आणि तूप खळग्यात टिकून राहते. शिवाय शिजलेल्या कणकेत पाणी भरपूर धरलेले असते. ते पाणी आहे तोवर ज्योतीजवळची कडही उकळत्या पाण्याच्या उष्णतेपलीकडे फारशी तापत नाही. म्हणून दिवा स्वतः पेटत नाही, फार तर चोच तांबूस होते आणि तिथला गूळ खरपूस लागतो. आषाढाच्या गारव्यात तूप थिजलेले असते. ज्योतीची ऊब पोचेल तेवढेच ते वितळते आणि वातीला लागेल तेवढेच मिळते. खळगा केवढा करावा याचे माप म्हणूनच ओवाळणीच्या वेळेशी बांधलेले आहे: आरती होईपर्यंत पुरेल इतके तूप, आणि थोडे उरेल तर घासाला चवच.

गव्हाऐवजी जवारी घेतली की काम वेगळे होते. जवारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गार पाण्याने मळलेला गोळा अंगठा दाबताच भेगाळतो. पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढली, की अर्धा स्टार्च आधीच शिजतो आणि चिकटपणाचे काम तोच करतो. जवारीच्या स्टार्चला शिजायला गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून ही उकड घाईने होत नाही. पुरणाचे दिवे आणखी नाजूक. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पूजेनंतर आई मुलांना ज्या पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते, त्यांत पिठाचा आधारच नसतो. हरभऱ्याची डाळ शिजवून कट पूर्ण निथळला आणि गुळासोबत पुरण नीट आटले, तरच खळगा धरतो. ज्या बाईच्या पुरणाचा दिवा बसत नाही तिचे पुरण पोळीतही फुटणार, ही परीक्षा कोणी लिहून ठेवलेली नाही, पण ती चालू आहे. अकोल्यासारख्या डाळ-गिरण्यांच्या शहरात डाळीच्या या गुणाकडे एखाद्या प्रयोगशाळेने बघायला हरकत नव्हती.

इंधनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण खाणे आणि जाळणे यांतली सीमा वऱ्हाडात फार जुन्या काळापासून पुसट आहे. जवसाचे तेल इथे भाकरीबरोबर खाल्ले गेले आणि दिव्यातही जळले. मेळघाटात मोहाच्या बियांचे तेल स्वयंपाकाला चालते आणि दिव्यालाही. सरकीची कथा तर जगभर पसरलेली आहे. कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचे विषारी रंगद्रव्य असते. शुद्ध केल्याशिवाय माणसाने ते खाऊ नये. अमेरिकेत मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने सरकीचे तेल शुद्ध करून, त्यात हायड्रोजन मिसळून ते गोठवले आणि १९११ मध्ये क्रिस्को या नावाने स्वयंपाकघरात आणले. विजेच्या दिव्याने मेणबत्तीचा बाजार खाल्ला होता, आणि मेणबत्तीवाल्याने मोर्चा कढईकडे वळवला. एडिसनने १८७९ च्या ऑक्टोबरात जो दिवा कित्येक तास पेटता ठेवला त्याची तार कापसाच्या धाग्याचा कोळसा करून बनवलेली होती, हेही इथे नोंदवण्याजोगे. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘उमरा’ म्हणून विकला जात होता तो हाच काळ. तो आखूड धाग्याचा, जाडाभरडा देशी कापूस तलम कापडाला कमी प्रतीचा ठरला, पण वातीला उत्तम: जाड धागा तूप भराभर ओढतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेले देशी कपाशीचे वाण आज क्षेत्राने थोडे उरले आहेत. खाद्यदिव्याचा विचार करणाऱ्याने वातीसाठी त्यांच्याकडे पाहावे, कारण वात काही खायची नसली तरी ती घासाला टेकून जळते. रंगवलेली, सुगंधी द्रव्य लावलेली बाजारातली फुलवात इथे चालणार नाही.

जवसाबद्दल एक इशारा देऊन ठेवला पाहिजे, कारण नव्या कारागिरांचा हात त्याकडे हमखास जातो. जवसाचे तेल हवेत सुकून त्याचा पातळ पापुद्रा बनतो. म्हणून ते लाकडाला लावतात, आणि म्हणूनच ते खाद्यदिव्याला नैसर्गिक वार्निश म्हणून सुचते. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून जे जवस तेल मिळते त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असू शकतात. ते पोटात जाता कामा नये. घाण्याचे कच्चे तेल खाण्याजोगे असते, पण ते सुकायला आठवडे लागतात आणि तोवर खवट होते. शिवाय हाच सुकण्याचा गुण वातीला मारक आहे, तेल वातीत घट्ट होऊन ज्योत मंदावते. खाद्यदिव्याला लेप नको, हे साधे उत्तर आहे. लेप सुचतो तेव्हा कारागीर पुन्हा टिकाऊपणाच्या मागे लागलेला असतो.

एलईडी आल्यावर मात्र एक गोष्ट खरोखर बदलली. जुना ६० वॅटचा बल्ब जवळजवळ सगळी वीज उष्णतेत घालवायचा. त्याच्याभोवती पापड ठेवला तर तो करपणार. तेवढाच उजेड आठ-नऊ वॅटच्या एलईडीतून मिळतो, आणि ऊब बरीच कमी होते. त्यामुळे आजवर ज्याला दिव्यात जागाच नव्हती अशा पदार्थांचा एक मोठा वर्ग खुला झाला: वाळवण. वऱ्हाडाइतके वाळवणाला योग्य ऊन महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो ही बातमी राहिलेली नाही. जवारी भिजवून, आंबवून, तिचे पातळ पीठ कापडावर पसरून वाफेवर धरतात आणि मग उन्हात वाळवतात, तो धापोडा उजेडापुढे धरून पाहावा. तो अर्धपारदर्शक असतो, तिळाचा एकेक दाणा त्यात काळ्या ठिपक्यासारखा उमटतो, आणि कापडाची वीण त्याच्या पाठीवर छापलेली दिसते. कुरडईत तर स्टार्च जवळजवळ शुद्ध असतो. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक बसवला की चोथा आणि ग्लूटेन बाजूला होतात. उरलेल्या चिकाला शिजवून साच्यातून पाडले की वाळलेली तार काचेच्या जवळ जाते. सरगुंडे काडीवर कणकेची बारीक पट्टी गुंडाळून करतात; वाळल्यावर काडी काढली की आतून पोकळ फिरकी उरते, आणि तिच्या फटींतून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर पडतो. झुंबर करणाऱ्याला यापेक्षा तयार घटक कोण देणार? यांतल्या कोणत्याही पदार्थाला नवे काही लावावे लागत नाही, फक्त मीठ कमी करावे लागते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते आणि झाकण मऊ पडून लोंबू लागते. मीठ तळल्यावर वरून घालता येते. म्हणजे घास शेवटी तळून होणार आहे, हे आधी ठरले तर मिठाचा निर्णय आपोआप झाला. घासापासून उजेडाकडे यायचे ते असे.

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या संत्र्याचा मोह या विषयात टाळता येत नाही. अमरावती जिल्ह्याचा हा पट्टा नागपुरी संत्र्याचा मोठा भाग पिकवतो, साल हलक्या हाताने सुटते, आणि अर्ध्या सालीची वाटी वाळवली तर तिच्यातून येणारा केशरी उजेड कुठल्याही रंगीत काचेला मागे टाकतो. पण दोन अडचणी आहेत. सालीत उडणारे, ज्वालाग्राही तेल असते, म्हणून ताज्या सालीत उघडी ज्योत ठेवणे धोक्याचे. आणि बागेवर होणारी बहुतेक फवारणी सालीवरच बसते. पाकात मुरवलेली साल खाता येते, मात्र ती फवारणीविना वाढवलेल्या झाडाची असली पाहिजे. असा माल मिळत नसेल तर सालीचा दिवा जरूर करावा, पण त्याला खाद्यदिवा म्हणू नये.

आता सर्वांत जड आक्षेप. ज्या जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे तालुके आहेत, जिथल्या मेळघाटातल्या कुपोषणाने १९९० च्या दशकापासून सरकारला आणि समाजाला वारंवार जाब विचारला, आणि जिथे कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्या वर्षानुवर्षे मोजल्या जात आहेत, तिथे अन्नाचे दिवे करायची कल्पना कुणाला सुचू शकते? हा आक्षेप परका नाही, याच मातीतला आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन हेच विचारत हिंडले: कर्ज काढून सण कशाला, देवासाठी बकरा कशाला, शेजारी भुकेला असताना नैवेद्य कशाला. या प्रश्नापुढे सजावटीसाठी अन्न वापरणारा कोणताही कारागीर निरुत्तर होतो, आणि झालाच पाहिजे. रेझिन लावलेला पाव या कसोटीत नापास होतो. अवसेचा दिवा पास होतो, कारण त्यातले अन्न सजावटीला गेलेले नाही. ताटात येण्याआधी ते थोडा वेळ उजेड देऊन आले, इतकेच. जळाले ते चमचाभर तूप. तेही कुणाला जास्त वाटले तर एलईडीचा मार्ग आहे. या आक्षेपाचा फायदा असा, की तो अस्पष्ट राहत नाही, त्याची मोजणी करता येते: दिवा विझल्यावर किती वजन खाल्ले गेले आणि किती फेकले गेले? ज्या रचनेत फेकलेला भाग मोठा आहे ती रचना सुंदर असो वा नसो, नापास. मोठमोठ्या समारंभात धान्याच्या रांगोळ्या आणि फळांचे देखावे दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातात. त्यांच्यावर हा हिशोब लावला तर बहुतेकांची उत्तरे लाजिरवाणी निघतील.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. हे व्रतवैकल्य आहे, बायकांचा स्वयंपाक आहे, याला रचना किंवा डिझाइन कशाला म्हणायचे, असा तो सूर. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवू. ज्याला दिव्यांची अवस मानायची नाही त्याने मानू नये, तरी वाफवलेल्या स्टार्चमध्ये तूप मुरत नाही हे तितकेच खरे राहते. तमिळनाडूत तांदळाच्या पिठात गूळ कालवून, न वाफवता, माविळक्कु नावाचा दिवा करतात आणि मग वाटून खातात. कर्नाटकात तंबिट्टाच्या आरत्या आहेत. एकच गरज तीन प्रदेशांत वेगवेगळ्या कृतींनी भागवली गेली असेल, तर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी प्रयोग केले, चुकले, बदलले. त्याचे आराखडे कागदावर नाहीत आणि करणारीचे नावही नाही, एवढ्याने ती रचना ठरत नाही असे म्हणणे मला पटत नाही. मात्र या आक्षेपातला एक धागा मी मान्य करतो. घरात हे काम बिनमोलाचे आहे, आणि उद्या कोणी शहरी स्टुडिओ धापोड्यांचे झुंबर विकू लागला तर करणारीला पापडाचा भाव आणि स्टुडिओला दिव्याचा भाव मिळेल, ही भीती खोटी नाही. वाळवणाच्या धंद्यात बचत गटांना किलोवर पैसे मिळतात. दिव्याचे काम किलोवर मोजणे अन्याय होईल, कारण इथे जाडी सारखी हवी, भेग चालत नाही, आणि ताटलीभर मालातून निवडून थोडाच कामाला येतो. उरलेला मात्र पापड म्हणून विकता येतो, ही त्यातली जमेची बाजू.

सुरक्षेबद्दल लोक मुंग्या, उंदीर आणि बुरशी यांची नावे आधी घेतात. ती सगळी खरी आहेत, आणि दिव्याचे आयुष्य एका संध्याकाळचे ठेवले की बरीचशी संपतात. पावसाळ्यात शिजवलेली कणीक दुसऱ्या दिवशी चिकट होते. तिला तिसरा दिवस बघायला लावू नये. खरा धोका नवा आहे. बाजारात मिळणाऱ्या छोट्या एलईडी दिव्यांत नाण्याएवढी बटणबॅटरी असते. खाण्याच्या वस्तूत ती बसवली की लहान मूल ती घासाबरोबर गिळू शकते, आणि अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी थोड्याच तासांत आतून जाळते. तो जिवावरचा प्रसंग असतो. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक रचनेत विजेचा दिवा वेगळ्या काचेच्या पेल्यात, स्क्रूने बंद होणाऱ्या बैठकीत ठेवला आहे, आणि पदार्थ त्यावर नुसता टेकतो. खायच्या वेळी पदार्थ उचलला जातो, दिवा जागेवर राहतो. उघड्या ज्योतीच्या रचना फक्त ओल्या, वाफवलेल्या पदार्थांसाठी आहेत. वाळवणाजवळ ज्योत कुठेही दाखवलेली नाही.

एका रात्रीच्या दिव्याला पैसे कोण मोजणार, असेही विचारले जाईल. लग्नाच्या मांडवात एका रात्रीच्या फुलांवर लोक मोजतातच, आणि ती फुले खाता येत नाहीत. अडचण मागणीची कमी आणि पंचांगाची जास्त आहे. लग्नसराई आणि वाळवणाचा हंगाम वऱ्हाडात एकाच वेळी येतात, चैत्र-वैशाखात, म्हणजे ज्या बायकांनी धापोडे घालायचे त्याच लग्नघरात राबत असतात. मृगाचा पाऊस पडला की गच्च्या बंद होतात आणि मग दसऱ्यापर्यंत पातळ वाळवण नीट होत नाही. दिवाळीच्या कामासाठी लागणारी झाकणे म्हणून मे अखेरपर्यंत घालून, हवाबंद डब्यात, कागदाच्या थरांत ठेवावी लागतील. ऑर्डर गुढीपाडव्याला घ्यावी आणि आगाऊ रक्कमही तेव्हाच द्यावी.